सावरीची स्लीपिंग बॅग

गिरणी बंद पडल्यावर मामा दुपारी घरात दिसू लागला आणि भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीचा आवाजच बदलला. एरवी दुपारी चाळीत मोठी जाग असे. मामीचा पाटा-वरवंटा, शेजारच्या राणेवहिनींचा रेडिओ, नळापाशी हंड्यांची ढकलाढकल, खालच्या चढावर दमून घरघरणारे टेम्पो. हे आवाज नंतरही होतेच, पण मामी आता टोपावरचं झाकणसुद्धा हळूच ठेवायची. घरात कुणी आजारी असल्यासारखी वावरायची. मामा आजारी नव्हता. तो पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचा, दाढी करायचा, धुतलेला शर्ट घालायचा आणि दाराजवळच्या बाकड्यावर येऊन बसायचा. तिथून पुढे त्याला कुठेच जायचं नसे. गिरणीत तो कापूस पिंजायच्या खात्यात होता. तिथली धूळ त्याच्या छातीत राहिली होती. गिरणी सुटली, खोकला सुटला नाही.

मी त्या घरात कॉलेजसाठी म्हणून आलो आणि राहिलो. आमचं गाव कणकवलीच्या पुढे, तालुक्याच्या शाळेपर्यंत चालत जावं लागे असं. माझ्या आधी आमच्या घरात कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालो तो मामा-मामीच्या जेवणावर. हे मी नम्रता म्हणून लिहीत नाही. सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, रात्री कुळथाची पिठी आणि भात, आठवड्यातून एकदा बांगडा. आणि बांगड्याचा मधला तुकडा नेहमी माझ्या ताटात, कारण मी ‘अभ्यासातलो’. मामेबहीण सुलू माझ्याहून थोडी लहान. ती मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रेनकोट शिवण्याच्या एका युनिटमध्ये मशीनवर बसायची, आणि गिरणी बंद झाल्यापासून घर तिच्यावरच चाललं होतं. तरीसुद्धा मधला तुकडा माझाच. ती एवढंच म्हणायची, “खा रे प्रोफेसर, खा. काटा अडकला तर माझं नाव घे.”

प्रोफेसर मी नव्हतो. घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात, रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी मी प्रयोगशाळेत काम करत होतो. तो माणूस दिवाळीनंतर परत येणार होता. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं आणि घरात मला कुणी विचारत नव्हतं. एकाच खोलीत दोन रिकामे पुरुष बसलेले कसे दिसतील, हा विचार मात्र सगळ्यांच्या मनात असावा. कारण माझ्या कॉलेजाचा विषय निघाला की मामी उठून चहा ठेवायची.

त्याच सुमाराला कर्णिक सर कॉलेजात आले. ते प्राणिशास्त्रातले मोठे अभ्यासक, राहायला मुलुंडला. आमच्या प्रयोगशाळेतले पक्ष्यांचे जुने नमुने बघायला ते दोन-तीनदा आले. नमुने काढून देणं आणि परत ठेवणं हे माझं काम. मी ते नीट करायचो, एवढीच माझी पात्रता. पण ती त्यांच्या नजरेत भरली. एका संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना त्यांनी मला विचारलं, “परब, दोन हिवाळे हिमालयात काढशील का?”

काम असं होतं. उत्तरेकडच्या डोंगरांतली काही गावं हिवाळ्यात शिकार करतात. बंदी आहे, तरी करतात. बर्फ पडला की वरची रानबकरी आणि मोनाल पक्षी खाली उतरतात, आणि शिकारी टोळ्या करून त्यांच्या मागे गावापासून लांब, वस्ती नसलेल्या रानात दिवसेंदिवस जातात. गुहेत नाहीतर मेंढपाळांच्या रिकाम्या झोपड्यांत झोपतात. सरांना त्यांना पकडायचं नव्हतं. त्यांच्याबरोबर राहून, त्यांचा विश्वास मिळवून, काय मारलं जातं आणि किती उरलं आहे हे बघायचं होतं. दोन हिवाळे नीट काम केलं तर संस्थेत कायमची नेमणूक करून घेण्याचा शब्द सरांनी दिला. “खाणं, प्रवास संस्थेचा,” ते म्हणाले. “फक्त स्लीपिंग बॅग ज्याची त्याने आणायची. संस्थेकडे आहेत त्या आम्हा म्हाताऱ्यांनाच पुरत नाहीत. आणि बॅगेशिवाय मी कुणाला नेत नाही. मागे एकाला नेलं होतं, त्याच्या पायाची बोटं गेली.”

मी विचारलं, बॅग कशी बघून घ्यायची? सरांनी नीट सांगितलं. हलकी हवी. डोकं आत जायला हवं. चेनच्या आतून पट्टी हवी, म्हणजे वारा शिरत नाही. “आणि उघडून ठेवली की फुगली पाहिजे,” ते म्हणाले, “भटुऱ्यासारखी.” हे वाक्य मी घरी जसंच्या तसं नेलं. त्यात काय दडलं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आमच्या गावात ज्याला हिवाळा म्हणतात त्यात पहाटे उकड्या तांदळाची पेज प्यायली की काम भागतं.

घरी सांगितलं तेव्हा मामा बाकड्यावरून उठून आत आला. गिरणी बंद झाल्यापासून कशासाठी तरी उठून आत येताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.

“शिकारीक जातलंस?” त्याने विचारलं. “बंदूक कोण देतलो?”

“बंदूक नाय रे मामा. ते शिकार करतले, मी बघतलंय.”

“म्हणजे जेवायला बसलेत त्यांच्याकडे बघत बसायचं,” सुलू म्हणाली. “झकास नोकरी आहे.”

“गप गो,” मामी म्हणाली. “कायमची असा ती.” आणि मग मला, “तां झोपूचा पोत्या खंय गावता?”

तेच कुठे मिळत नव्हतं. गिर्यारोहण करणाऱ्यांचा एक क्लब अंधेरीला होता. तिथल्या मुलाने मला कपाट उघडून दाखवलं. ते रिकामं होतं. हिवाळ्यातल्या शिबिरांसाठी सगळ्या बॅगा आधीच सांगून ठेवलेल्या. मग मामा आणि मी लष्कराचं जुनं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने माळ्यावरून एक बॅग खाली ओढली तेव्हा धुळीचा लोट उठला आणि मामाला खोकल्याची अशी उबळ आली की त्याला बाहेर फुटपाथवर नेऊन बसवावं लागलं. बॅग मेंढरासारखी जड, आत पिसं होती पण ती ओली होऊन कधीतरी गोळे बनून वाळलेली. हात फिरवला की एका जागी दगड आणि शेजारी नुसतं कापड. चेन अर्ध्यावर गेलेली. दुकानदार म्हणाला, “साब, इसमें मेजर सोया है.” मामाने फुटपाथवरूनच विचारलं, “उठला काय मग तो?”

दुसरी बॅग मी मुलुंडला पाहिली. माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या घरी, त्याच्या भावाने परदेशातून आणलेली. मोठं, नीटनेटकं घर. दिवाणखान्यात पुस्तकांचं कपाट आणि आतून फोडणीचा वास. मित्राच्या आईने मला पोहे दिले आणि बॅग आणून गालिच्यावर सोडली. दुधीएवढ्या पिशवीतून ती बाहेर आली, आणि मी बशी हातात धरून बघत असतानाच फुगत गेली. सर म्हणाले होते ते हेच. मी तिच्यावर तळवा ठेवला तर तळवा आत बुडाला आणि बघता बघता गरम झाला. उसनी मिळेल का, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात मित्राची आई म्हणाली, “ह्याचा भाऊ जिवापाड जपतो हो, आम्हांलाही हात लावू देत नाही.” मी पोहे संपवले. विकत घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. तशी बॅग तेव्हा आपल्याकडे दुकानात नव्हतीच.

परवा माझा नातू ट्रेकला निघाला. त्याने त्याची बॅग एका क्लिकवर मागवली, दुसऱ्या दिवशी आली. तिच्यावर किती थंडीपर्यंत चालेल तो आकडा छापलेला होता आणि त्याने तो वाचलाही नाही. मी तळवा ठेवून बघितला. त्याने विचारलं, “आजोबा, काय बघताय?” मी म्हटलं, “काही नाही, छान आहे.”

मुलुंडहून परतल्यावर मी घरी सगळं वर्णन करून सांगितलं. मामा ऐकत होता. मग तो म्हणाला, “म्हणजे कापूसच ना रे आत? पिंजलेलो?”

“पिसं असतत.”

“पिसां नाय तर सावर.” त्याचा आवाज एकदम गिरणीतल्या माणसाचा झाला, यंत्रांच्या वर चढणारा. “सावरीपेक्षा हलकां काय असता? आणि पिंजूचां माका कोण शिकयतलो?”

त्याने गावी निरोप धाडला. आमच्या परड्यात सावरीची दोन झाडं होती आणि माझ्या आईने उन्हाळ्यात वेचलेला कापूस पोत्यात भरून माळ्यावर ठेवलेला असे. एसटीच्या टपावरून ते पोतं आलं. त्यानंतरचे काही आठवडे मी त्या घरात पाहिलेले सगळ्यांत चांगले आठवडे होते, आणि म्हणूनच ते आठवायला मला आजही जड जातं. मामाने नाकातोंडावर गमछा बांधून सावर निवडायला घेतली. बी वेगळी, कचरा वेगळा. दोन बोटांत झुपका धरून तो असा सोडवायचा की झुपक्याचा धूर व्हायचा. खोलीभर सावर उडत असे. ती देवाच्या तसबिरीवर बसे, मामीच्या केसांत बसे, वरणात पडे. राणेवहिनी दारातून डोकावून म्हणाल्या, “काय गं, बर्फ इकडेच पाडलात काय?” मामा हसला. त्याचा खोकला वाढला होता, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. पण त्याला थांब म्हणण्याचं धाडस कुणाला झालं नाही. कारण तो आता बाकड्यावर बसत नव्हता. जेवताना बोलत होता. एकदा तर त्याने मामीकडे पिठी पुन्हा मागितली.

बाहेरचं कापड सुलूने आणलं. युनिटमध्ये रंग चुकलेले रेनकोटच्या कापडाचे तुकडे पडलेले असत. सुपरवायझरला सांगून तिने नारिंगी आणि निळे असे तुकडे मिळवले. ते जोडून तिने मशीनवर दोन खोळी शिवून आणल्या, एक बाहेरची, एक आतली, डोक्याला टोपी आणि चेनला आतून पट्टीसकट. “पट्टी लावली हां, नीट बघ,” ती म्हणाली. “उद्या वारा शिरला तर माझ्या नावाने ओरडू नको.” दोन खोळींच्या मधे मामाने सावर भरली. ती भरल्यावर बॅग खरोखर फुगली. नारिंगी, निळी, खोलीच्या मधोमध एखादं जनावर निजल्यासारखी. मी म्हटलं, सर म्हणाले होते तशीच झाली.

आता सावर जागच्या जागी राहावी म्हणून टाके घालायचे होते, आणि ते काम मामीचं होतं. मामीच्या गोधड्या आमच्या वाडीत नावाजलेल्या होत्या. लग्नाच्या आधी मुलीला मामीकडे टाका शिकायला पाठवत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, ओळी बोटभर अंतरावर, आणि चारी बाजूंनी आत आत जाणाऱ्या चौकटी. मी तिला सांगितलं होतं की बॅग फुगलेली राहिली पाहिजे. ती खळखळून हसली.

“फुगलेली गोधडी आळशी बाईची,” ती म्हणाली. “दोन धुण्यांत कापूस एका कोनशाक. गरम व्हयी तर दाबून बसवूक व्हयी. तुझ्या सरांनी कधी गोधडी शिवली काय?”

त्यात न पटण्यासारखं काय होतं? मी जन्मभर तिच्यासारख्या बायकांच्या गोधड्यांत झोपलो होतो. जितकी दाट शिवलेली तितकी उबदार, हे मला शाळेत शिकलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा पक्कं ठाऊक होतं. मामी दुपारी दारात उजेडाला बसून शिवू लागली. वरून खालपर्यंत सुई जाई आणि वर येई. रेनकोटच्या कापडातून सुई काढताना टक असा आवाज होई. मामा शेजारी बसून दोऱ्याला मेण लावून देई. बॅग दिवसागणिक चपटी होत गेली आणि आम्हाला ती दिवसागणिक पक्की होत गेल्यासारखी दिसली. पूर्ण झाली तेव्हा चाळीतल्या बायका येऊन टाके बघून गेल्या. एवढे बारीक टाके आजकाल कोण घालतं, असं प्रत्येकीने म्हटलं.

सरांना बॅग दाखवण्याआधी ती थंडीत बघून घ्यावी, ही कल्पना मामाची. मुंबईत थंडी कुठे, तर मासळीच्या बर्फात. त्याच्याच खात्यातला भिकूतात्या गिरणी बंद झाल्यावर मरोळकडच्या एका शीतगृहात मासळी ठेवायच्या कामाला लागला होता. सुलूच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही चौघं बॅग घेऊन तिथे गेलो. मामीने शेजारून थर्मास मागून त्यात आल्याचा चहा भरला होता. भिकूतात्या गमबूट घालून दारात उभा होता.

“इलास? ये,” तो म्हणाला. “गाढ झोप लागली तर सांगतंय, संध्याकाळी गाडी भरतत. पापलेटाबरोबर जाशील क्रॉफर्ड मार्केटाक.”

“तोंड उघडं ठेव रे,” सुलू म्हणाली. “म्हणजे ताजा दिसशील.”

जाड दार माझ्यामागे लागलं. आत पिवळा दिवा, फळ्यांच्या मांडण्या, खोके, आणि कानांना दडे बसवणारी शांतता. मी फळीवर बॅग पसरून आत शिरलो, टोपी ओढली, चेन लावली. सुरुवातीला ऊब वाटली. मला आठवतं, मी डोळे मिटून सरांच्या डोंगरांचा विचार केला. शेकोटी, शिकारी, त्यांची न कळणारी भाषा, आणि या सगळ्यात नारिंगी बॅगेत मी. मग पाठीवर एक थंड रेघ उमटली. कुणी ओला दोरा अंगावर ठेवावा तशी. मी कूस बदलली तर दुसरी. मांडीवर, पोटऱ्यांवर, खांद्यावर, बोटभर अंतरावर एकेक. मधल्या पट्ट्यांत अजून थोडी ऊब होती, पण ती त्या रेघांमधून गळत होती. शेवटी सगळ्या रेघा एक झाल्या आणि माझे दात वाजू लागले. मी दारावर थाप मारली.

बाहेर उन्हात तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय बोलावं? मामाने मला विचारलंच नाही. त्याने माझ्या हातातून बॅग घेतली आणि आपला हात आत घातला, थेट खांद्यापर्यंत. तो हात त्याने सावकाश फिरवला. पिंजलेला कापूस असाच तपासत असावा तो गिरणीत.

“खंय लागता थंडी?” तो म्हणाला.

मी एका टाक्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आणि?”

पुढच्या ओळीवर ठेवलं. मग त्याच्या पुढच्या.

मामी थर्मासचं झाकण उघडून उभी होती. “म्हणजे माझ्या टाक्याक?” तिने विचारलं.

“तुझा टाका नाही गं आई,” सुलू म्हणाली, “थंडीच आगाऊ आहे.” पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मामीने चहा ओतून माझ्या हातात दिला आणि माझी बोटं पेल्याभोवती धरून ठेवली, माझ्याने तो धरवत नव्हता म्हणून.

त्यानंतर जे केलं ते सगळं चुकतच गेलं. मामीने घरी येऊन पदर खोचला आणि टाके उसवायला घेतले. घालताना जितका वेळ लागला नव्हता तितका काढताना लागतो आहे असं वाटत होतं. प्रत्येक टाक्याच्या जागी कापडाला भोक राहिलं. विरळ टाके घालून पाहिले तर सावर सगळी पायांकडे घसरली, आणि बॅग तळाशी तांदळाचं पोतं आणि वर रिकामी खोळ अशी झाली. मामाला युक्ती सुचली, आडव्या नळ्या शिवून प्रत्येकीत सावर भरायची. ती बरोबर होती, हे मला पुढे कळलं. पण तिला दुप्पट कापड लागणार होतं, आणि सुलूच्या सुपरवायझरने मधल्या काळात तुकडे बाहेर न्यायला बंदी केली होती. दिवस संपत आले होते. मामीने शेवटी पुन्हा ओळी घातल्या, पहिल्याहून लांब लांब. मी म्हटलं, मी सरांना सांगतो की जमलं नाही. मामा म्हणाला, “मी येतंय.”

त्याने पांढरा शर्ट घातला, बॅग गुंडाळून सुतळीने बांधली आणि खांद्यावर घेतली. मला घेऊ दिली नाही. मुलुंडला सरांनी आम्हाला घरात बोलावलं, मामाला खुर्ची दिली. मामा खुर्चीच्या कडेला टेकला. सरांनी बॅग जमिनीवर पसरली, गुडघ्यांवर बसून बघितली, टाक्यांवर बोट फिरवलं, उजेडाकडे धरली. ते वर बघत नव्हते, त्यावरूनच मला उत्तर कळलं.

“कुणी शिवलं हे?”

“हेच्या मामीन,” मामा म्हणाला.

“फार सुंदर हात आहे. पण भाऊ, ऊब असते ती आतल्या हवेत. जिथे टाका पडला तिथे हवा संपली. आणि तिथे वर जी थंडी असते...” सर थांबले. “मी ह्या मुलाला ह्यात झोपवणार नाही.”

“आठ दिस द्या. मियां दुसरी करून देतंय. नळ्या घालतंय आडव्यो.”

“आठ दिवस नाहीत हो माझ्याकडे. बर्फ पडून गेलाय. ते लोक वर निघालेत.”

मामाने मान हलवली. मग त्याने विचारलं, “ते शिकारी कित्यात झोपतत?”

“मेंढ्यांच्या कातड्यांत.”

“मग आमच्या झिलाक एक कातडा मागून घेवा तेंच्याकडना. ह्या बदल्यात द्या हवां तर.” आणि त्याने बॅगेवर हात ठेवला.

सर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. ते म्हणाले, “त्यांच्याकडे माणशी एकच असतं, भाऊ.”

चहा आला. तो आम्ही प्यायलो. माझ्या जागी पुण्याचा एक मुलगा चालला होता, त्याच्याकडे बॅग होती. सरांनी मला पुढच्या वर्षी भेट म्हणून सांगितलं आणि ते मनापासून म्हणाले असतील. पण पुढच्या वर्षी तो पुण्याचा मुलगाच दुसऱ्या हिवाळ्याला गेला, हे स्वाभाविक होतं. मुलुंडच्या झाडांच्या रस्त्याने आम्ही चालत निघालो. कोपऱ्यावर मामा खोकायला थांबला, बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि म्हणाला, “दुसरो खंयचो म्हणालास?”

“पुण्याचो.”

“तेची आई शिवणा नाय वाटता.”

एवढंच. त्यावर हसावं की काय करावं ते मला कळलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. घरी मामी दारातच उभी होती. तिने बॅग मामाच्या खांद्यावर पाहिली आणि आत जाऊन पानं मांडली.

रजेवरचा माणूस कामावर परत आला. मी काही महिने दुसऱ्या बाकड्यावर बसलो. मग एका विम्याच्या कचेरीत चिकटलो आणि तिथूनच निवृत्त झालो. प्राण्यांचा आणि माझा संबंध तिथे संपला. बर्फ मी नंतर पाहिला तो मासळीखालचाच. कर्णिक सरांचा त्या शिकाऱ्यांवरचा अहवाल पुढे कधीतरी निघाल्याचं ऐकलं. मी तो मिळवून वाचला नाही. मी माझ्या नशिबाबद्दल तक्रार करत नाही. त्या नोकरीवर माझं घर उभं राहिलं, मुलं शिकली. पण माणसाला एकदाच दार उघडं दिसतं असं असेल, तर मला ते दिसलं होतं, आणि ते बंद झालं ते मला ज्यांनी सगळं दिलं त्यांनी आणखी एक गोष्ट जीव लावून द्यायचा प्रयत्न केला म्हणून. याचं काय करायचं असतं ते मला या वयातही समजलेलं नाही.

मामा पुन्हा बाकड्यावर बसू लागला. भिकूतात्याने शीतगृहात त्याच्यासाठी शब्द टाकला होता, पण त्या छातीने तिथे टिकणं शक्य नव्हतं. मामा दुपारी बोलेनासा झाला, मग जेवतानाही. बॅग तशीच सुतळी बांधलेली माळ्यावर होती. पुढच्या उन्हाळ्यात मामीने ती खाली काढली, सुलू आणि मी घरी नसताना उसवली आणि सावर उन्हात घातली. संध्याकाळी मी आलो तेव्हा भिंतीशी चार नव्या उशा होत्या, फुगलेल्या, कडेला एकेकच शिवण घातलेल्या. “तेवढीच वाया जायची नाय,” ती म्हणाली. नारिंगी कापडाची तिने पावसाळ्यासाठी खिडकीला आडोसा म्हणून झडप केली.

उशा चांगल्या झाल्या होत्या. सुलू, मामी, मी, आम्ही त्या घेऊन झोपू लागलो. मामा जन्मभर उशी घेऊन झोपणारा माणूस. त्याच्या अंथरुणावर मामी रोज चौथी उशी ठेवायची, आणि तो रोज ती उचलून भिंतीशी सरकवायचा आणि हाताची घडी डोक्याखाली घेऊन पडायचा. एकदा मी म्हटलं, “मामा, मान दुखतली. घे ना.”

“माका लागत नाय,” तो म्हणाला, आणि भिंतीकडे कूस वळवली. पुढे जितकी वर्षं तो जगला, तसाच झोपला.